दोघींची एकच चादर

प्रिय ट्वायला,

तुझं घर माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसतं, आणि तरी मी हे पत्र तिकीट लावून टपालात टाकणार आहे. पोस्टमन हसेल, हसू दे. समोर येऊन बोलायला गेले की तुझा डेल्बर्ट लगेच कॉफीचा कप पुढे करतो, आणि हातात गरम कप असला की मला नीट भांडता येत नाही, हे तुला ठाऊक आहे. तेव्हा आता निवांत बस, पाय स्टुलावर घे आणि शेवटपर्यंत ऐकून घे. मध्येच "अगं पण आर्लिस, अगं पण आर्लिस" करायचं नाही. बहात्तर वर्षांच्या बाईला आयुष्यात एकदा तरी आपलं म्हणणं सलग मांडता आलं पाहिजे.

आधी बातम्या. चर्चच्या तळघरातला चिलीचा बेत पार पडला. मार्डेलनं या वेळी तो घेवडा-खिम्याचा रस्सा इतका तिखट केला की पास्टरांनी डोळे पुसत पुसत प्रार्थना म्हटली, आणि नवीन आलेल्या मंडळींना वाटलं त्यांना भरून आलंय. चिली उरली, दालचिनीचे रोल मात्र कमी पडले, कारण ते दर वर्षी तू करायचीस आणि या वर्षी कुणीच केले नाहीत. दुकानातून आणले, कोरडे ठाक. सगळ्या मला विचारायला लागल्या, "ट्वायला नाही आली?" जशी काही मी तुझी सेक्रेटरी. मी म्हटलं, "तिला आता घरच्या घरीच गोड मिळतं." सगळ्या हसल्या. मी काही हसण्यासाठी म्हटलं नव्हतं.

तर मी जळते. हे एकदाचं लिहून टाकलं म्हणजे पुढचं सोपं जाईल. मी डेल्बर्टवर जळते. सकाळी तुमच्या स्वयंपाकघरात दिवा लागतो तेव्हा जळते, आणि रविवारी तो चर्चच्या बाकावर तुझ्या आणि माझ्या मध्ये बसतो तेव्हा तर माझ्यावर पाव भाजून घ्यावा इतकी जळते. नवरा या प्राण्यावर मी आधी कधी जळले नव्हते. तुझा गॉर्डन होता तेव्हा माझा वर्लिन होता, फिट्टंफाट. आणि ते दोघंही आपापल्या पायरीनं असत. तीस ऑक्टोबरला, भिकाऱ्यांच्या रात्री, आपण सोंग घेऊन दारोदार खाऊ मागायला निघालो की पोर्चवर उभं राहून हात हलवत. चादरीत डोकं घालायची त्यांची कधी हिंमत झाली नाही.

ती चादर. सात वर्षांच्या होतो आपण. तुझ्या आईकडे टाकाऊ चादर एकच होती आणि भुतं व्हायचं होतं दोघींना. तिनं आपल्याला एकामागे एक उभं केलं, वरून चादर टाकली आणि डोळ्यांसाठी भोकं कापली. तू माझ्यापेक्षा वीतभर उंच, म्हणून भोकं तुझ्या डोळ्यांवर आली आणि मी मागे, तुझ्या कोटाचा पट्टा दोन्ही हातांनी धरून. लोक विचारायचे, "अगं बाई, या भुताला चार पाय कसे?" विनोद सांगायची वेळ आली की प्रश्न मागून मी विचारायचा आणि उत्तर पुढून तू द्यायचं, कारण विनोद सांगितल्याशिवाय आपल्या गावात कुणी कुणाला काही देत नाही आणि एका भुताला एकच विनोद पुरायचा. "भूत दार का वाजवतं? सरळ भिंतीतून का येत नाही?" "भूत येईल हो भिंतीतून, पण खाऊची पिशवी कशी यायची?" तुमच्या कोंबड्यांच्या खुराड्यामागे बसून रचला होता आपण. फार चांगला आहे असं मी म्हणत नाही, पण आपला आहे. आजवर गावात दुसऱ्या कुणाच्या तोंडून मी तो ऐकला नव्हता.

तुला कधी सांगितलं नाही, पण त्या संध्याकाळी मी कधीच काही पाहिलेलं नाही. सगळं गाव मी पायांनी ओळखते. पास्टरांच्या घराची पहिली पायरी उंच आहे. शाळेच्या मास्तरीणबाईंच्या पोर्चची एक फळी करकरते, आणि डॉक्टरांच्या दाराशी पायपुसणं निसटतं. लाह्यांचे लाडू मिळाले की वासावरून कळायचं, मग मी मागून हात बाहेर काढायचे. हात हवेतच फिरायचा, उजवीकडे, मग जरा डावीकडे, आणि लोक हातावर लाडू ठेवायचं सोडून ती गंमत बघत हसत उभे राहायचे. शेवटी तू माझं मनगट धरून नेमक्या जागी न्यायचीस. पुढे लग्नं झाली, पोरं झाली, पोरांना पुढे घालून आपण मागून चादर ओढत निघायचो. माझी मुलगी म्हणायची, "आई, प्लीज, निदान आमच्या वर्गातल्यांच्या घरी तरी नको." पोरं मोठी होऊन शहरात, डि मॉइनला गेली, आपण चादरीतच. पहिली चादर विरली तेव्हा तू दुसरी शिवलीस, खाली लाल नागमोडी लेस लावून, आणि भोकं परत स्वतःच्याच उंचीवर कापलीस. मला मागेच बरं वाटायचं. पट्टा हातात असला की पुढे काय आहे याची काळजी तुझी.

आता डेल्बर्ट. शेजारच्या राज्यातला, नेब्रास्काचा माणूस. तिकडे पोरं एकतीस तारखेला निघतात, दारात "ट्रिक ऑर ट्रीट" ओरडतात आणि मूठ भरून घेऊन पळतात. विनोद नाही, काही नाही, नुसती वसुली. दोन वर्षांपूर्वी तो मुलीजवळ राहायचं म्हणून आपल्या गल्लीच्या कोपऱ्यावर राहायला आला, आणि आपल्याकडे भिकाऱ्यांची रात्र तीस तारखेला असते हे त्याला कुणी सांगितलं नाही. तीस तारखेला त्याच्या पोर्चचा दिवा बंद. पोरं पुढे निघून गेली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाहते तर हा दिवा लावून, बुजगावण्याची टोपी घालून, मांडीवर परातीएवढं भांडं घेऊन बसलेला, आणि गल्लीत चिटपाखरू नाही. मला फार मजा वाटली. मी तुला फोन केला, "अगं लवकर ये, नेब्रास्का एक दिवस उशिरा भिकाऱ्यांची वाट बघतोय!" मला वाटलं तू येशील, आपण दोघी खिडकीत बसून पोट धरून हसू. तू फोन ठेवलास, कोट चढवलास आणि थेट त्याच्याकडे गेलीस. त्याच्या पायरीवर उभी राहून तू काहीतरी सांगितलंस, आणि तो इतका हसला की टोपी खाली पडली. मग तू बसलीस. भांडं दोघांच्या मध्ये. मी खिडकीत उभी, माझा चहा निवला तरी तू उठेनास. म्हणजे बघ, तुमचं जमवलं कुणी? मी. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. एप्रिलमध्ये लग्न केलंस तेव्हा मी तुझ्या मागे फुलं धरून उभी होते, आणि मला एकच विचार येत होता, हा माणूस तीस तारखेला बसला असता तर.

पण लग्न मी पचवलं. पचलं नाही ते ऑगस्टमधलं. टाउन हॉलच्या सभेत तो ठराव आला ना, की बारा वर्षांवरच्या कुणी दारोदार फिरू नये. नव्या वस्तीतल्या ब्रायनाबाई उठून म्हणाल्या, "मिशा फुटलेली पोरं येतात माझ्या दारात, आवाज बघा एकेकाचे! आणि काही लोकांनी तर लाजच सोडलीय, शिंगं मोडून वासरांत शिरतात." असं म्हणून त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी उठले. गुडघा कुरकुरला, पण उठले. म्हटलं, "बाई, आपल्या गावात दारात आलेल्याला वय विचारत नाहीत, विनोद विचारतात. ज्याला सांगता येतो त्यानं नव्वदाव्या वर्षी यावं, आणि ज्याला येत नाही त्यानं सहा वर्षांचा असला तरी घरी बसावं." सगळा हॉल हसला. मग मी तुला खूण केली. आपली खूण, दोन बोटं वर, म्हणजे 'आता तू'. तू समोरच बसली होतीस, तोंड माझ्याकडेच, आणि ढिम्म हलली नाहीस. मी परत बोटं वर केली. सगळा गाव बघतोय, मी हवेत दोन बोटं धरून उभी. तेवढ्यात डेल्बर्टनं तुझ्या कानात काही सांगितलं, आणि तू हसलीस, तेही माझ्याकडे बघून नाही, माझ्या शेजारच्या खांबाकडे बघून. ठराव पडला. मी जिंकले. घरी येऊन मी एक ताट फोडलं. वर्लिनच्या आईनं दिलेलं होतं, तेव्हा तसं नुकसान काही झालं नाही.

त्या दिवसापासून मी तुमच्यावर नजर ठेवायला लागले. चांगलं नाही, पण ठेवली. शुक्रवारी मासे खायला आपण तिघं गेलो तेव्हा तू मेन्यूकार्ड उघडलंसही नाहीस. "डेल्बर्ट, मला काय आवडेल रे?" असं लाडात विचारलंस, आणि तो पहिल्या ओळीपासून वाचून दाखवायला लागला, नातीला गोष्ट सांगावी तसा. मग माशाचे काटे काढून दिले. मला काटा लागला, कुणी पाहिलंही नाही. तुझी निळी गाडी विकलीस, कारण "डेल्बर्टला चालवायला आवडतं." रोज सकाळी फोनवर आपण पेपरातलं शब्दकोडं सोडवायचो, ते बंद केलंस, "कंटाळा आला गं." गोधड्यांची पेटी सुयादोऱ्यांसकट माझ्या दारात आणून ठेवलीस, तोही कंटाळाच. माझ्या वाढदिवसाचं कार्ड आलं तर आतला मजकूर सगळा त्याच्या हातचा, खाली तुझी नुसती सही, तीही ओळ सोडून वर चढलेली. मला वाटलं, दोघांना कुठेतरी भटकायला जायचं असेल, दारात उभ्या उभ्या केली असेल. आणि ते कोपर! रस्ता ओलांडायचा, धर कोपर. जिना उतरायचा, धर कोपर. मी मार्डेलला म्हटलं, "या वयात प्रेमात पडलं की बायका अशा लोळागोळा होतात का गं?" ती म्हणाली, "तू पडून बघ, म्हणजे कळेल." तिच्याशीही दोन दिवस बोलले नाही.

ऑक्टोबर लागला तशी मी चादर धुतली, इस्त्री केली आणि तुझ्याकडे घेऊन आले. तुला आठवत असेल तू काय म्हणालीस ते. मला तर शब्द न् शब्द आठवतो. "आर्लिस, आता पुरे. आपलं वय झालं." मी विचारलं, "आपलं म्हणजे कुणाचं?" म्हणालीस, "बरं, माझं. या वर्षी मी आणि डेल्बर्ट घरी बसून वाटू." मी आणि डेल्बर्ट. सगळ्या गावाशी मी भांडले की वय बघू नका, आणि तू माझ्या तोंडावर वय फेकलंस. मागच्या वर्षीच मला संशय यायला हवा होता. पास्टरांच्या पायरीला ठेचकाळलीस, अर्ध्यातूनच परत फिरलीस आणि खापर फोडलंस बुटांवर. ते बूट त्यानं घेऊन दिलेले होते, म्हणून तेव्हा मीही बुटांनाच शिव्या दिल्या.

तर परवाच्या तीस तारखेला मी एकटी निघाले. हट्टानं म्हण, डाव साधायला म्हण. एकटीनं चादर घेतली की भोकं येतात माझ्या कपाळावर. एका हातानं कापड खाली ओढून एका डोळ्यापुरतं बघत, दुसऱ्या हातात पिशवी, अशी निघाले. फाटकापाशी अडखळले. वाटेत एक डायनासोर, एक मक्याचं कणीस आणि एक अंतराळवीर भेटला, त्यांच्यात मिसळले. कणसानं माझ्याकडे वर बघत विचारलं, "तू कितवीत आहेस?" मी म्हटलं, "नापास होतेय सारखी." मग तुमचं दार. भोपळा मात्र सुंदर कोरला होता, तोही त्यानंच कोरला असणार. दारात तू भांडं घेऊन, आणि शेजारी तो, धरलंय आपलं कोपर. डायनासोरनं विचारलं, "डायनासोर शाळेत का जात नाहीत?" आणि स्वतःच सांगितलं, "मेलेत सगळे." डेल्बर्ट हसला. अंतराळवीर आपला विनोद विसरला आणि रडकुंडीला आला, त्याला तू दोन चॉकलेटं दिलीस. मग तू माझ्याकडे वळलीस आणि गोड आवाजात म्हणालीस, "आणि तू कोण, बाळा?"

बाळा! डोक्यावर पोर्चचा दिवा, तू स्वतः शिवलेली चादर, तू स्वतः लावलेली लाल लेस, आणि तू मला विचारतेस तू कोण. मला वाटलं, हे ढोंग आहे. त्याच्यासमोर मला ओळख द्यायची नाहीये हिला. माझ्या छातीत असं काही पेटलं की काय सांगू. म्हटलं, थांब, आता बघते कशी ओळखत नाहीस. बारीक आवाज काढून मी आपला प्रश्न विचारला. भूत दार का वाजवतं? सरळ भिंतीतून का येत नाही? आणि वाट बघत उभी राहिले तुझ्या उत्तराची. उत्तर आलं. डेल्बर्टच्या तोंडून आलं. "येईल हो भिंतीतून, पण खाऊची पिशवी कशी यायची?" आणि वर स्वतःच खो खो हसला. तू त्याचं नाव लावलंस, त्याला घर दिलंस, ते ठीक. पण खुराड्यामागचं ते एक वाक्यही तू त्याला देऊन टाकलंस. नुसता हात पुढे केलास, चॉकलेट धरलेला, माझ्या पिशवीच्या शेजारी, हवेत. उजवीकडे, मग जरा डावीकडे. चॉकलेट पायरीवर पडलं. मी ते उचललं नाही, वळले आणि चालू पडले. मागून हा ओरडतोय, "आर्लिस! अगं थांब की! पुढच्या वर्षी मी येतो तुझ्याबरोबर चादरीत! उत्तर पाठ झालंय मला, ट्वायलानं महिनाभर घोकून घेतलंय!" गल्लीतली पोरं, त्यांचे आईबाप, सगळे हसले. आपल्या फाटकातून आत शिरताना मी मोठ्यानं एक शिवी दिली, ती बहुधा कणसानं ऐकली.

घरी येऊन मी चादर न काढताच खुर्चीत बसले. काढायचं भानच नव्हतं. नेब्रास्का माझ्या चादरीत! माझ्या! तोंडाला कोरड पडली म्हणून टेबलावरचा कप घ्यायला मी चादरीखालून हात बाहेर काढला. कप सापडेना. हात उजवीकडे गेला, मग जरा डावीकडे. आणि ट्वायला, तिथेच माझा हात थांबला. दारात तुझा जो हात मी पाहिला होता तो माझा हात होता. चादरीत मागे उभं राहणाऱ्या बाईचा. तो हात तू इतकी वर्षं मनगटाला धरून जागेवर नेलास, आणि तुझ्यावर तसं चाचपडायची वेळ आली तर मी त्याला उद्धटपणा समजले. मग एकेक आठवायला लागलं. वर चढलेली सही, न उघडलेलं मेन्यूकार्ड, माझी हवेतली दोन बोटं, आणि तो खांब, ज्याच्याकडे बघून तू हसलीस. तुझी आईही शेवटी शेवटी अशीच बोलायची, माणसाच्या चेहऱ्याकडे न बघता खांद्याकडे बघून. मधलं सगळं गेलं, कडेकडेचं तेवढं दिसतं, असं म्हणायची. तुलाही आता तेवढंच दिसतं ना?

मी खूप रडले, ते सांगत नाही. रडून झाल्यावर काय झालं ते सांगते. मला वाटलं, आता तरी हा जळफळाट थांबेल. थांबला नाही, दुप्पट झाला. तू त्याला सांगितलंस आणि मला नाही. आयुष्यभर मी तुझा पट्टा धरून आंधळी चालले, कुठे नेतेस म्हणून एकदा विचारलं नाही, आणि तुझ्या डोळ्यांपुढे अंधार आला तेव्हा तू परगावच्या माणसाचं कोपर धरलंस. त्याचं कारण मला कळतं, मी मूर्ख नाही. मी रडीन, 'बिच्चारी' म्हणीन, आणि तुझ्यासाठी मीही जाणं सोडून देईन, असं वाटलं तुला. म्हणून माझी सोय लावलीस. स्वतःच्या जागी एक माणूस तयार केलास आणि त्याच्याकडून उत्तर घोकून घेतलंस, म्हणजे मी चादरीत एकटी पडणार नाही. यात प्रेम आहे हे मला दिसतं. पण ट्वायला, डेल्बर्ट सहा फुटांहून उंच आहे. त्याच्यामागे चादरीत मी म्हणजे घोड्याचे मागचे पाय. आणि तो नेब्रास्कन असून उत्तर उत्तम देतो, हे तर मी कधीच माफ करणार नाही.

आता हे पत्र कशासाठी ते. हे पत्र तू वाचत नाहीस, डेल्बर्ट वाचतोय, तुझ्याशेजारी बसून, मोठ्यानं, हे मला पहिल्या ओळीपासून ठाऊक आहे. म्हणूनच तर फोन केला नाही. त्याला तोंडावर जे म्हणायची मला लाज वाटली असती ते सगळं मी त्याच्याच तोंडून वदवून घेतलं, आणि लिहिताना मला काय आनंद झाला म्हणून सांगू. डेल्बर्ट, तू आयत्या बिळावरचा नागोबा आहेस. हे वाक्य पुन्हा एकदा वाच, तिला नीट ऐकू आलं नसेल. मासे निवडून दे तिला, पेपर वाचून दाखव, कोपर धर. ते तू माझ्याहून बरं करतोस. पण ते उत्तर विसर. ते तिचं आहे, तिच्याच तोंडून येईल. आणि ट्वायला, तू ऐक. तू मागची जागा कधी पाहिलेली नाहीस. तिथे डोळे लागतच नाहीत. मी आज सकाळी, तुझ्याच पेटीतल्या सुईनं, चादरीची जुनी भोकं शिवून टाकली आणि माझ्या उंचीवर नवी कापली. एक जरा वाकडं झालंय. तुझ्या जुन्या कोटाचा पट्टा माझ्याकडे आहे, तो मी कमरेला बांधून येईन. वर्षभर थांबायचं मला जमणार नाही, आपण बहात्तरच्या आहोत, म्हणून पत्र मिळेल त्याच दिवशी चार वाजता, लख्ख उजेडात, सराव करायला जायचं. ब्रायनाबाईंच्या घरावरूनच जाऊ. पास्टरांची पहिली पायरी उंच आहे, आली की सांगेन. मी भिंतीतून येणार नाही, दार वाजवीन. दार तू उघड, डेल्बर्टनं नाही.

पट्ट्याच्या या टोकाची, तुझीच,
आर्लिस